हात बसेपर्यंत अंग कोणाचं?

श्वास मोजायला काही लागत नाही. सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि एक मिनिट, बस्स. तरी पलंगाच्या पायाशी लटकवलेल्या चार्टवर सगळ्यात अंदाजपंचे भरला जाणारा रकाना तोच. पाहाल तिथे अठरा, नाहीतर वीस. माणूस शांत झोपलेला असो की धापा टाकत बसलेला, कागदावर तो वीसच श्वास घेतो.

माझे वडील उपनगरातल्या एका रुग्णालयात न्यूमोनियाने पडून होते, तेव्हा तीन दिवस हे वीस मी वाचत होतो. चौथ्या दिवशी सकाळी गळ्यात ‘ट्रेनी’ असं कार्ड अडकवलेली, एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी आली. बाबांचं मनगट धरून उभी राहिली. नाडी मोजतेय असं वाटावं, पण नजर त्यांच्या छातीवर. आपले श्वास कोणीतरी मोजतंय हे कळलं की माणसाची लय बदलते, म्हणून ते असे चोरून मोजायचे असतात, हे मला नंतर समजलं. पूर्ण मिनिटभर थांबून तिनं अठ्ठावीस लिहिलं आणि लगबगीनं जाऊन सिस्टरना घेऊन आली. तासाभरात डॉक्टर येऊन गेले, ऑक्सिजन वाढवला, औषध बदललं.

संध्याकाळी तीच मुलगी परत आली. बाबा पलंगाच्या पायथ्याकडे घसरले होते. तिनं दुसऱ्या एका ट्रेनीला हाताशी घेतलं, दोघींनी त्यांच्या काखेत हात घातले आणि त्यांना चादरीवरून वर ओढलं. माकडहाडापाशी कातडी सोलवटली. घरी आल्यावर ती जखम भरायला पाच आठवडे लागले.

ना सकाळी ना संध्याकाळी, ‘ही मुलगी शिकतेय, हिनं हात लावला तर चालेल का’ असं बाबांना कोणी विचारलं होतं. सकाळच्या वेळी आम्हाला ते खटकलंही नाही. कातडी सोलवटल्यावर खटकलं. रुग्णसेवेचं शिक्षण घेणाऱ्या मुलांनी सराव कोणाच्या अंगावर करायचा, या प्रश्नाचं उत्तर आपण बहुतेक जण असंच, संध्याकाळच्या जखमेवरून किंवा सकाळच्या उपकारावरून देतो. दोन्ही एकाच दिवशी घडल्यामुळे मला ती सोय राहिली नाही.

आधी या मुलांविषयी. त्यांना काय म्हणायचं इथपासूनच गोंधळ आहे. केंद्राच्या कौशल्य योजनेत, हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलच्या कागदांवर ती ‘जनरल ड्युटी असिस्टंट’. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने आपल्या अभ्यासक्रमाला ‘रुग्णसहायक’ म्हटलं, तो शब्द मला त्यातल्या त्यात सरळ वाटतो. क्लासच्या पाटीवर ‘नर्सिंग असिस्टंट’. वॉर्डात मावशी, मामा, ब्रदर. आणि कण्हणाऱ्या रुग्णासाठी पांढऱ्या-निळ्या कपड्यातली प्रत्येक बाई ‘सिस्टर’च. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, कोणत्याही स्टेशनबाहेर पडा. मोबाइलची दुकानं आणि स्पर्धा परीक्षांचे क्लास यांच्या मधोमध, पहिल्या मजल्यावर, अशा अभ्यासक्रमाची एखादी तरी पाटी दिसते. दहावी-बारावी झालेली, कॉलेजची फी न परवडणारी, लवकर पगार हवा असलेली मुलं तिथे येतात. मुली अधिक. उपनगरांत त्यांना कामाची वानवा नाही. एका बाजूला कूपर, राजावाडी, अग्रवाल, भगवती, कांदिवलीचं शताब्दी अशी महापालिकेची रुग्णालयं, दुसऱ्या बाजूला कोकिळाबेन, फोर्टिस यांच्यासारखी मोठी खासगी रुग्णालयं आणि मधे गल्लोगल्ली नर्सिंग होम. त्याखेरीज प्रत्येक सोसायटीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची घरं, ज्यांची मुलं पुण्यात, बंगळुरात किंवा न्यू जर्सीत आहेत.

या मुलांच्या कामाला आपण ‘बेसिक’ म्हणतो आणि तिथेच फसतो. ताप, नाडी, श्वास, बीपी बघणं. अंग पुसणं, बेडपॅन देणं, डायपर बदलणं. भरवणं. कूस बदलणं. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात नेणं. इंजेक्शन देणं हे त्यांचं काम नाही. पण जे आहे त्यातलं एकही पुस्तक वाचून येत नाही.

बीपीचंच घ्या. हल्ली घरोघरी मशीन आहे, बटण दाबलं की आकडा. पण पट्टा दंडाच्या मापाचा नसेल तर? जाड दंडाला अरुंद पट्टा लावला की दाब खरा असतो त्याहून जास्त दिसतो. रुग्णाला जिना चढून आल्या आल्या बसवलं, पाय लोंबकळत ठेवले, पाठीला आधार दिला नाही, हात हृदयाच्या पातळीला टेकवला नाही, मोजताना त्याच्याशी गप्पा मारल्या, लघवीला लागलेली असताना थांबवलं, तर दर वेळी आकडा थोडा थोडा वर. मग त्या आकड्यावर डॉक्टर गोळी वाढवतो. स्टेथोस्कोप लावून मोजायचं तर कानाला सवय हवी. निकोलाय कोरोत्कॉव्ह या रशियन सर्जनने १९०५ मध्ये ज्या आवाजांचं वर्णन केलं, ते ठक्‌ ठक्‌ कुठे सुरू होतात आणि कुठे विरतात, हे पहिल्या दहा माणसांत कळतच नाही. वीस जणांवर मोजल्यावर अंधुक कळतं. पन्नासाव्याला हात आणि कान एकत्र काम करू लागतात. याला आपल्याकडे फार नेमका शब्द आहे: हात बसणे. पोळीला हात बसतो, तबल्यावर बसतो, शिवणयंत्रावर बसतो. तो बसेपर्यंत पिठाचे गोळे वाया जातात, कापड फुकट जातं.

इथे वाया जायला काय आहे?

सरावाच्या बाजूने बोलणारे म्हणतात, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. खरं आहे. मी ज्या शिकवणाऱ्या सिस्टरशी बोललो, त्यांनी हे अधिक चांगलं सांगितलं. पंचवीस वर्षं वॉर्डात काढून आता घाटकोपरमध्ये शिकवतात. म्हणाल्या, “बाहुलीला कूस बदलायला शिकवते मी. बाहुली सहकार्यही करत नाही आणि विरोधही करत नाही. लकवा झालेला माणूस दोन्ही करतो. चांगल्या बाजूनं तो तुम्हाला घट्ट धरतो, इतका की तुमचाच तोल जातो. हे बाहुली कसं शिकवणार?” खुर्ची रुग्णाच्या धड बाजूला ठेवायची, लुळ्या बाजूला नाही, हे फळ्यावर लिहून देता येतं. पण घाबरलेल्या सत्तर किलोच्या माणसाचं वजन आपल्या गुडघ्यात येतं तेव्हा फळा आठवत नाही, शरीराला आठवावं लागतं.

या बाहुलीचाही इतिहास आहे. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या मार्था चेस या बाई लहान मुलांसाठी बाहुल्या बनवायच्या. हार्टफर्डच्या रुग्णालयाने त्यांच्याकडून १९११ मध्ये माणसाच्या उंचीची एक बाहुली करून घेतली. ‘मिसेस चेस’ या नावाने परिचारिकांच्या पिढ्यांनी तिचं अंग पुसलं, तिचे कपडे बदलले. १९६० मध्ये नॉर्वेच्या आस्मुंड लेर्डाल यांनी तोंडाने श्वास देऊन जीव वाचवण्याचा सराव करायला ‘रिससी ॲन’ आणली. तेही मुळात खेळणीवालेच. भातुकलीचे कारागीर या शिक्षणाच्या मुळाशी आहेत याची मला गंमत वाटते. त्यांनी एक मोठी गोष्ट केली. पहिल्या चुका कोणालाही दुखवणार नाहीत, एवढी जागा तयार केली. आपल्याकडे डॉक्टर होणाऱ्यांसाठी ही जागा आता सक्तीची आहे. एमबीबीएसच्या २०१९च्या नव्या अभ्यासक्रमापासून वैद्यकीय महाविद्यालयात कौशल्य प्रयोगशाळा असावीच लागते. म्हणजे जो रुग्णापाशी राउंडला तीन मिनिटं थांबणार, त्याला प्रयोगशाळा. आणि जी बारा तास त्याच्या उशाशी असणार, तिच्या वाट्याला कोपऱ्यातली एक बाहुली, जिचा एक हात निखळलेला असतो आणि जिचा विग उद्घाटनाच्या फोटोनंतर कोणी पाहिलेला नसतो. हे मी चिडून लिहितोय हे मान्य. सगळे वर्ग असे नसतात.

आता दुसरी बाजू, आणि ती मला जास्त अवघड वाटते.

सराव जिवंत माणसावरच करायचा, हे ठरलं की माणूस कुठला निवडला जातो? जनरल वॉर्डातला. डिलक्स रूमच्या दाराशी प्रशिक्षणार्थींचा घोळका सहसा थांबत नाही. तिथला रुग्ण बिल भरतो, तक्रार करतो, गूगलवर तारे कमी देतो. महापालिकेच्या वॉर्डातला रुग्ण आधीच उपकाराखाली दबलेला असतो. आपल्याला खाट मिळाली हेच नशीब असं ज्याला वाटतं, तो ‘नको’ म्हणेल कसा? मोठ्या धर्मादाय रुग्णालयांतही निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी दहा-दहा टक्के खाटा राखीव असतात, उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार. खासगी रुग्णालयात सराव करायचं ठरलं तर बोट आपसूक त्याच खाटांकडे वळेल, अशी मला धास्ती आहे. गरिबाचं अंग ही पाटी, आणि त्यावर गिरवून तयार झालेलं सुबक अक्षर श्रीमंताच्या वहीत. हा हिशेब कुठेही लिहिलेला नसतो, पण चालतो असाच.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं खासगी रुग्णालयांवर बंधनकारक झालं. त्या सनदेत संमती आहे, खासगीपणा आहे, मान राखणं आहे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच स्पष्ट केलं की एका गोष्टीसाठी घेतलेली संमती दुसरीला लागू होत नाही. ते प्रकरण शस्त्रक्रियेचं होतं. पण तत्त्व साधं आहे: दाखल होताना नातेवाइकाने थरथरत्या हाताने केलेली सही म्हणजे ‘माझ्या वडिलांचं अंग कोणीही शिकायला घ्या’ असा परवाना नव्हे. तरीही बेडपॅन, स्पंज, कूस बदलणं यांसाठी कोणी वेगळं विचारत नाही, कारण यांना ‘प्रक्रिया’ मानलंच जात नाही. ऑपरेशनला फॉर्म आणि लाजेला फॉर्म नाही.

या मुलांचं नियमन कोण करतं, हाही प्रश्नच आहे. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी २०२१ मध्ये संसदेने राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात किमान २००० तासांचा, दोन ते चार वर्षांचा अभ्यासक्रम केलेल्यांनाच जागा आहे. काही महिन्यांत संपणारे अभ्यासक्रम त्याच्या उंबऱ्याबाहेर. परिचारिकेचं नाव महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत असतं. चूक झाली तर दाद मागायला एक दार असतं. रुग्णसहायकासाठी असं दार नाही, आणि रुग्णासाठीही नाही.

तिसरी बाजू खुद्द त्या मुलामुलींची. ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ या गोंडस नावाखाली त्यांना वॉर्डात पाठवलं जातं आणि पहिल्याच दिवशी कळतं की आपण शिकायला आलेलो नाही, कमी पडलेल्या माणसांच्या जागी आलो आहोत. रक्ताचे नमुने लॅबमध्ये पोचव, रिपोर्ट आण, स्ट्रेचर ढकल, सिलिंडर आण. महिनाभर असं केल्यावर स्ट्रेचर ढकलण्यात हात बसतो, श्वास मोजण्यात नाही. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर जून २०२१ मध्ये केंद्राने एक लाख जणांना झटपट प्रशिक्षण देण्याची योजना आणली. घरगुती देखभाल, प्राथमिक देखभाल, नमुने गोळा करणं अशा सहा भूमिका त्यात होत्या. गोरेगावचं नेस्को, मुलुंड, दहिसर इथल्या जम्बो केंद्रांत हात किती कमी पडले हे आपण पाहिलं होतं, त्यामुळे तेव्हा कोणी नाकं मुरडली नाहीत. मीही नाही. पण आणीबाणीत स्वीकारलेली घाई नंतर सवय होऊन बसते. कमी दिवसांत, कमी खर्चात, जास्त प्रमाणपत्रं.

आणि लाज. याविषयी कोणी बोलत नाही. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं आणि पुढे ससून रुग्णालयाच्या मदतीने बायकांना परिचर्येचं शिक्षण द्यायला सुरुवात केली, तेव्हा पांढरपेशा घरांत परक्याच्या अंगाला हात लावणं हे हलकं काम मानलं जाई. शंभर वर्षांत परिचारिकेची प्रतिष्ठा वाढली, पण तो हलकेपणा नाहीसा झाला नाही. तो एक पायरी खाली सरकला. त्या सिस्टरच्या घाटकोपरच्या वर्गात मी पाहिलेल्या मुलींपैकी दोघी घरी ‘हॉस्पिटलमध्ये शिकतेय’ एवढंच सांगतात. बेडपॅनचं सांगत नाहीत. ज्या कामाची आपल्याला लाज वाटते, त्याचा सराव माणूस मन लावून करत नाही, लवकर उरकतो. बाबांना ओढलं गेलं ते निर्दयपणाने नव्हे, उरकण्याच्या सवयीने, असं मला आता वाटतं. ड्रॉशीट घालून, दोघींनी दोन बाजूंनी धरून, उचलून सरकवायला आणखी चार मिनिटं लागली असती.

मूलभूत रुग्णसेवेची किंमत मुंबईला ठाऊक नाही असं कोणी म्हणू नये. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३च्या हल्ल्यानंतर ४२ वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे त्यांच्या दयामरणाचा प्रश्न आला, तेव्हा इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही बेडसोर नाही, ही गोष्ट नोंदली गेली. त्यामागे कुठलं यंत्र नव्हतं. दर काही तासांनी कूस बदलणारे, अंग कोरडं ठेवणारे, चमच्याने भरवणारे हात होते, आणि ते एका माणसाचे नव्हते, पिढ्यानपिढ्यांचे होते. नव्या विद्यार्थिनींना त्यांच्या खोलीत नेऊन ओळख करून दिली जाई: ही आपल्यातली आहे. मला हे उदाहरण दोन्ही बाजूंनी टोचतं. इतकी चोख सेवा शिकणाऱ्या हातांनी होऊ शकते, याचा हा पुरावा. आणि ज्यांना ती दिली गेली त्या ‘हो’ किंवा ‘नको’ म्हणण्याच्या पलीकडे होत्या. तिथे संमतीची जागा आपलेपणाने भरून काढली. ते केईएममध्ये साधलं, कारण त्या त्याच घरातल्या होत्या. अठरा नंबरच्या खाटेवरच्या अनोळखी म्हाताऱ्याला असं घर कुठून मिळणार?

रुग्णालयात निदान चार डोळे असतात. घराचं काय? उपनगरांत या क्षेत्राची खरी बाजारपेठ घर हीच आहे. फोन करायचा, ब्युरोवाला विचारतो, “बारा तास की चोवीस? पेशंट बेडरिडन आहे का? रायल्स ट्यूब आहे?” दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन मावशी दारात. तिने कुठे सराव केला, हे ना तो सांगतो ना आपण विचारतो. आपण दर विचारतो. मग आजीला आडवं ठेवून मऊ भात भरवला जातो आणि ठसका लागतो. लघवीची पिशवी कमरेच्या वर टांगली जाते. याचा अर्थ आपण प्रशिक्षण केंद्रातल्या सरावावर आक्षेप घेतो तेव्हा सराव टळत नाही. तो आपल्याच बेडरूममध्ये होतो, दार लावून, शिकवणारी सिस्टर जवळ नसताना आणि आपण ऑफिसला गेलेलो असताना. ज्यांना वॉर्डातले ट्रेनी नकोत त्यांनी हे मोजायला हवं. काही ब्युरोंच्या मावश्या वीस वर्षांच्या अनुभवाने कोणत्याही प्रमाणपत्राला लाजवतील अशा असतात, हेही तितकंच खरं. पण त्यांच्या पहिल्या वर्षाची किंमत कोणत्या आजीने मोजली, ते कोणालाच माहीत नाही.

मग माझा कौल कुठे? सराव थांबवू नये, उलट वाढवावा, पण क्रम बदलावा. आधी बाहुली, मग एकमेकांचं अंग, मग रुग्ण. यातली मधली पायरी आपल्याकडे खेळीमेळीत उरकली जाते. एकमेकांचं बीपी घेतलं, हसलो, झालं. माझ्या मते खरं शिक्षण तिथेच आहे. प्रत्येकाने एकेक तास रुग्ण व्हावं. हात बांधल्यासारखे बाजूला ठेवून पाठीवर पडावं, सहकाऱ्याने भरवावं, दात घासून द्यावेत, कूस बदलावी, कपडे न काढता का होईना, बेडपॅनवर उचलून बसवावं. थंड बेडपॅन कसं लागतं, मागून कोणी न सांगता धरलं की छातीत कसं धस्स होतं, हे ज्याच्या अंगाला ठाऊक आहे तो पुढच्या वेळी आधी बोलेल आणि मग हात लावेल. मुलामुलींच्या एकत्र वर्गात हे अवघड जातं, संकोच होतो. तिथे वेगवेगळे गट करावेत. हा संकोचही धड्याचाच भाग आहे. पुढे हीच अडचण पंचाहत्तर वर्षांच्या बाईला ब्रदरपुढे येणार आहे.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो पोकळ नाही. निरोगी, तरुण, हसऱ्या मैत्रिणीची कूस बदलून वॉर्ड येत नाही. तिचे सांधे आखडलेले नाहीत, कातडी कागदासारखी झालेली नाही, ती घाबरून ओरडत नाही. बरोबर. म्हणून तिसरी पायरी टाळता येत नाही. पण तिथे तीन गोष्टी असल्याशिवाय मी माझ्या माणसाला हात लावू देणार नाही. शिकवणारी व्यक्ती बाजूला उभी हवी, फोनवर नव्हे. ट्रेनी हे मनुष्यबळाच्या हिशेबात धरलेले नसावेत, म्हणजे ते आले नाहीत तरी वॉर्ड चालला पाहिजे. आणि रुग्णाला विचारलेलं असावं, त्याला कळेल अशा भाषेत, ‘नको’ म्हटल्यावर तोंड वाकडं न करता. याच्या जोडीला चौथी गोष्ट न्यायाची आहे. ही मुलं पुढे जी खासगी रुग्णालयं कामाला ठेवणार आहेत, त्यांनी सरावासाठी खाटा द्याव्यात, आणि फक्त राखीव खाटा नव्हेत. एसी खोलीतल्या माणसालाही विचारावं. त्यानेही अधूनमधून हो म्हणावं.

याला पैसे लागतात, वेळ लागतो. शिकवणाऱ्या सिस्टर आधीच कमी आहेत. क्लासची फी वाढेल, आणि फी वाढली की ज्या मुलींसाठी हा अभ्यासक्रम आहे त्याच बाहेर राहतील. ही अडचण शासनाने उचलल्याशिवाय सुटणार नाही, कारण बाजार ती दोनच प्रकारे सोडवतो: दिवस कमी करून किंवा सही खोटी करून. प्रशिक्षणार्थीने किती जणांचे श्वास मोजले, किती जणांना बसतं केलं, हे लिहिलेली वही परीक्षेला ग्राह्य धरतात. पण ती वही कोणीतरी खरी तपासावी लागते. नाहीतर तिच्यातही सगळे वीसच श्वास घेतात.

एक गाठ मात्र मला सुटलेली नाही. बाबा बरे झाल्यावर, मुलुंडच्या घरी बाल्कनीत बसलेले असताना मी त्यांना विचारलं, “त्या मुलीनं आधी विचारलं असतं, मी शिकतेय, तुम्हाला चालेल का, तर काय म्हणाला असता?”

“नाही म्हणालो असतो,” ते लगेच म्हणाले. “जीव घाबरा झालेला, त्यात शिकाऊ कशाला?”

“मग सकाळी श्वास कोणी मोजले असते?”

ते काही बोलले नाहीत. माकडहाडाखालची उशी सरकली होती ती त्यांनी नीट केली. थोड्या वेळाने म्हणाले, “तिला एकदा नाही म्हटलं म्हणून ती परत विचारायला आलीच नसती, असं थोडंच आहे? दुपारी विचारलं असतं तर कदाचित हो म्हणालो असतो.” आणि चहाचं काय झालं म्हणून आत हाक मारली.